जिन्याची जागा

स्लॅबच्या दिवशी भांडायचं नाही, असा घरातल्या म्हाताऱ्या गवंड्याचा, डॉन निकासियोचा नियम होता. म्हातारा जाऊन सहा वर्षं झाली, तरी नियम चालूच होता. म्हणून रविवारी पहाटे शिडीने वर चढून ओतिलियाने जे पाहिलं, त्यावर तोंडाशी आलेलं पहिलं वाक्य तिने गिळून टाकलं. दुसरं काही गिळता आलं नाही.

"आन्सेल्मो, हे काय करून ठेवलंयस?"

तिचा भाऊ उकिडवा बसून सेंटरिंगच्या फळ्यांवर पाणी शिंपडत होता. कोरड्या फळ्या मालातलं पाणी पितात, म्हणून आधी त्यांची तहान भागवायची. त्याने मान वर केली नाही.

"दिसतंय ते केलंय."

दिसत होतं ते असं. ओतिलियाच्या नव्या खोलीच्या चार भिंतींवर फळ्या पसरलेल्या, फळ्यांवर सळयांची जाळी. मागच्या कोपऱ्यात चार उभ्या फळ्यांचा लांबट खोका. ती जिन्याची जागा. तेवढी मोकळी सोडून बाकीचा स्लॅब भरायचा, म्हणजे पुढेमागे तिसरा मजला चढला तर जिना तिथून वर जाईल. तो मजला धाकट्या एवारिस्तोचा. म्हाताऱ्या आईने सतरा वर्षांपूर्वीच तो त्याच्या नावावर करून टाकला होता, नुसत्या हवेत. पण खोक्याच्या आत खाली फळ्या ठोकलेल्या होत्या आणि सळयाही आरपार गेल्या होत्या. खोका खाचा पाडून नुसता वर बसवला होता.

"इथं लोखंड कशाला?" ओतिलिया म्हणाली. "भोकात लोखंड बांधतात?"

"हळू बोल. आई खाली आहे."

"म्हणजे शेवटी फळ्या उपटून भरून टाकणार तू. आणि आईला काय सांगणार?"

"चुकून झालं म्हणून सांगेन."

"चुकून! बावीस वर्षं स्लॅब टाकणारा माणूस चुकून जिना विसरला! तिला वेडी समजतोस का?"

आता आन्सेल्मो उठला. हा मोठा, बेचाळीसचा, बापासारखाच रुंद आणि बापासारखाच कानाच्या पाळीपर्यंत लाल होणारा. "ओती, पाऊस कुणाच्या अंगावर पडणार आहे? माझ्या? भोकावर पत्रा टाकला तरी गळतं. खाली नऊ वर्षं आपण भोकाखाली बादली ठेवून जेवलो. आता तू आणि तुझी पोर बादली ठेवून झोपा. कुणासाठी? जो बापाच्या मातीला आला नाही त्याच्यासाठी?"

"त्याला येता येत नव्हतं. कागद नाहीत त्याच्याकडे, आला असता तर अमेरिकेवाल्यांनी पुन्हा आत घेतला नसता."

"मग आता कसा येणार आहे?"

ओतिलियाने जाळीची एक तार उगाच ओढून पाहिली. खरं तर उत्तर तिच्याकडे होतं, आणि तेच तिला महिनाभर पोखरत होतं. जानेवारीत एवारिस्तोचा शिकागोहून फोन आला होता. घर घेतलंय, म्हणाला. तीन खोल्या, मागे झाड. मी आता येत नाही, ओती. आईला तू सांग. तुझं तू सांग, असं म्हणून तिने फोन ठेवला होता. तेव्हापासून त्याने सांगितलं नव्हतं आणि हिनेही नाही. त्यातच ती नवऱ्याचं घर सोडून लेकीला घेऊन परत आलेली. भावाने तिच्यासाठी भिंती उभ्या केल्या, आईने दागिने विकून सिमेंट आणलं. अशा बाईने आईचा धाकटा लेक तिच्या हातून काढून घ्यायचा कसा?

"तोंडावर सांग तिला," ती म्हणाली. "नाहीतर सळया काप. चोरून नाही करायचं."

"तू त्याची बाजू घेतेस? तुझं छप्पर मी टाकतोय, मी!"

"मी कुणाची बाजू घेत नाहीये, गाढवा."

खाली गल्लीत हॉर्न वाजला. मिक्सर आला होता. आन्सेल्मोने कटरकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि खाली उतरला. वेळ नाही, असं स्वतःशीच पुटपुटला. ते खरंही होतं आणि सोयीचंही होतं.

त्यांची आई, डोन्या देल्फिना, अंगणात चुलीपाशी उभी होती. मोल्याची, म्हणजे मिरच्या-मसाल्याच्या दाट रश्शाची, मोठी कढई चढली होती, शेजारी भाताचं पातेलं. मेक्सिको शहराच्या कडेला आमच्या चिमालवाकानच्या उतारावर गवंड्यांना मजुरी देऊन स्लॅब कुणीच टाकत नाही. शेजारी येतात, मेव्हणे येतात, मेव्हण्यांचे मित्र येतात, आणि सगळ्यांना पोटभर जेवू घालावं लागतं. मोलं पातळ झालं तर लोक वर्षभर बोलतात. स्लॅबला चीर गेली तर एवढं बोलत नाहीत.

म्हातारीचं अर्धं लक्ष कढईत, अर्धं मिक्सरवर. मिक्सरवाला डॉन चोन तिच्या नवऱ्याचा जुना सोबती. त्याने इंजिनाची दोरी ओढली, पिंप फिरू लागलं.

"माप लक्षात आहे ना?" ती ओरडली.

"डोन्या देल्फिना, मी हे तुमच्या लग्नाआधीपासून करतोय."

"म्हणूनच विचारते. गोणीला चार डबे वाळू, पाच खडी, दीड डबा पाणी. दीड म्हणजे दीड!"

"पोरं म्हणतात माल घट्ट आहे, खांद्यावर जड होतो. अर्धा डबा जास्त घातला तर..."

"तर काय होतं ते निकासियोने तुम्हाला सांगितलं नव्हतं? माझ्या लेकीच्या डोक्यावर सूप ओतायला आलात का सगळे? सूप हवं तर इकडे या, मी देते."

डबे उचलणारी पोरं हसली. डॉन चोनने पाणी दीड डब्यावर थांबवलं. थोरली सून चायो मिरच्या भाजत होती, तीही हसली, आणि लगेच तिला कसंतरीच झालं. खोक्याखालचं लोखंड तिला माहीत होतं. काल दुपारी नवऱ्याला तारा तीच देत होती. चौदा वर्षं सासूबरोबर एका स्वयंपाकघरात काढलेली बाई ती. रोज ऐकायचं, एवारिस्तोला हे आवडायचं, एवारिस्तो आला की ते करू. त्याचा राग तिच्यात आता उरला नव्हता, नुसता कंटाळा राहिला होता. काल तारा देताना वाटलं होतं, बरं होईल, एकदाचं बुजेल. आज सासूचा एप्रन पाहून तसं वाटेना. इस्त्री केलेला एप्रन, खिशात फोन. दहा वाजता धाकटा फोन करणार होता. त्याचा स्लॅब त्याला दाखवायचा होता.

"आई, फोन मी धरते, तुम्हाला शिडी चढवणार नाही," चायो म्हणाली.

"मला काय झालंय चढायला? तू मोलं ढवळ. तळाला लागू देऊ नकोस."

सात वाजता पहिला डबा वर गेला.

स्लॅब सुरू झाला की थांबवता येत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मध्ये थांबलं की आधीचा माल सुकू लागतो, नंतरचा त्याला चिकटत नाही, आणि त्या जोडातून आयुष्यभर गळतं. त्यामुळे लग्न थांबेल, मिरवणूक थांबेल, स्लॅब थांबत नाही. फळकुटाच्या उतारावरून बारा माणसं रंगाचे रिकामे डबे मालाने भरून खांद्यावर वाहत होती. ओतिलियाही रांगेत होती. दोन-तीन पुरुषांनी नाकं मुरडली. तिने पंधरा डबे नेल्यावर त्यांनी नाकं सरळ केली.

वर आन्सेल्मो माल पसरत होता, सळईने टोचून टोचून आतली हवा काढत होता, लांब पट्टीने सपाट ओढत होता. बहिणीने डबा ओतला की तो तिच्याकडे न पाहता म्हणायचा, "इकडे." ती म्हणायची, "बरं." एवढंच. पण तिने पाहिलं की तो मुद्दाम पुढच्या बाजूने भरत येतोय आणि खोक्याचा कोपरा शेवटी ठेवतोय. फेब्रुवारीचं कोरडं ऊन चढत होतं. वारा धूळ घेऊन येत होता. असल्या वाऱ्यात माल डोळ्यांदेखत सुकतो.

"सांग तिला," पुढच्या डब्याला ती कुजबुजली.

"तू सांग."

"मी का?"

"मग गप्प बस."

बापरे, या घरातली सगळी माणसं! प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने सांगावं.

बरोबर दहाला देल्फिनाचा फोन वाजला. एका हातात तो उंच धरून, दुसऱ्या हाताने कठडा पकडत ती फळकुटावरून वर आली. लोकांनी वाट दिली. पडद्यावर एवारिस्तोचा चेहरा, जाड झालेला, कानाजवळ पांढरा. गेला तेव्हा एकोणीसचा होता.

"दिसतंय का रे? हा बघ तुझा दादा. आन्सेल्मो, हात हलव!"

आन्सेल्मोने पट्टी न सोडता हनुवटी हलवली.

"आणि ही ओती. बघ कशी मालाने माखलीय. आणि हे, हे बघ, मागचा कोपरा. तुझ्या जिन्याची जागा! दिसली?"

"हो आई." तो पडद्याजवळ झाला. "छान आहे. मोठी आहे."

"मोठी नको? तुझी बायको, पोरं, सामान. पलंग वर चढवायचा म्हटलं तर जागा हवी ना."

"आई, मी..." तो म्हणाला. मागून कुणीतरी हाक मारली, मुलीचा आवाज, आमची भाषा नव्हे. एवारिस्तोने मान वळवली, तसा फोन त्याच्या हातात हलला आणि मागचं दार दिसलं. निळ्या रंगाची लाकडी चौकट. चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा, एकीवर एक. रेघांपुढे आकडे लिहिलेले, बाजूला पोरांची नावं.

मग चित्र अडकलं आणि फोन बंद झाला.

देल्फिना तशीच उभी राहिली. खाली तिच्या स्वयंपाकघराच्या दारावर अशाच रेघा होत्या, तीन लेकरांच्या, निकासियोने मारलेल्या. त्याआधी ते दोघं सात वर्षं शहरात भाड्याच्या खोल्यांत राहिले. तिथे त्याने एकदाही रेघ मारली नव्हती. तिने एकदा विचारलं होतं, तर म्हणाला होता, अगं, दुसऱ्याच्या दारावर आपली पोरं कशाला मोठी करायची? स्वतःचं दार आलं त्याच दिवशी त्याने पेन्सिल काढली. तेव्हा आन्सेल्मो सहा वर्षांचा होता.

"आई, सावलीत बस," ओतिलिया म्हणाली.

"बसते."

ती बसली नाही. तिने फोन खिशात टाकला आणि फळ्यांवरून, सळयांवर पाय न देता, सवयीने पावलं टाकत मागच्या कोपऱ्याकडे गेली. आन्सेल्मोच्या हातातली पट्टी थांबली. म्हातारी खोक्यापाशी वाकली आणि आत पाहिलं.

बराच वेळ पाहत राहिली. गवंड्याची बायको ती. पस्तीस वर्षं नवऱ्याचे डबे घेऊन बांधकामांवर गेलेली. तिला काय समजावून सांगायचं?

"आई, मी कापतो," आन्सेल्मो म्हणाला. त्याने पट्टी खाली टाकली. "कटर इथेच आहे. दहा मिनिटांत सगळ्या सळया कापतो, खालच्या फळ्या काढतो. मी... मला..."

"लोखंड छान बांधलंयस," देल्फिना म्हणाली. "गाठी अगदी तुझ्या बापासारख्या."

आन्सेल्मोला कुणी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. बेचाळीस वर्षांचा बाप्या, सगळ्या गल्लीसमोर उभ्या उभ्या रडायला लागला. रांग थांबली. खालून डॉन चोन ओरडला, "ए, काय झालं? पिंपात माल आहे!"

"आई, माझं चुकलं," ओतिलिया पुढे झाली. खांद्यावरचा डबा तिने तसाच धरला होता. "मला माहीत होतं. त्याने जानेवारीत सांगितलं मला. घर घेतलंय त्याने तिकडे. मला सांगवेना तुला."

"मला कळलं आत्ता."

"त्याने सांगितलं?"

"दाराने सांगितलं." म्हातारीने दोघांकडे पाहिलं. राग आला होताच, लपवायचं काही कारण नव्हतं. "म्हणजे सगळ्या घराला माहीत. तुला माहीत, तुला अंदाज, त्याला तर माहीतच. मी एकटी इस्त्रीचा एप्रन घालून फिरतेय! कुणाला एवढं वाटलं नाही की म्हातारीला पण माणसात धरावं?"

"तू मोडशील असं वाटलं," ओतिलिया म्हणाली.

"मी काय पातळ मालाची आहे का मोडायला?"

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. तिकडे शेवटच्या भरलेल्या पट्ट्यावरची चमक जात चालली होती. सगळ्यांच्या आधी ते म्हातारीलाच दिसलं.

"गोण्या किती उरल्यात, चोन?"

"तीन!"

"इथं दोन लागतील. घाला पिंपात. आन्सेल्मो, फळ्या उपट."

"आई, नको." आणि हे बघा माणसाचं! काल चोरून लोखंड बांधणारा हाच, आता खोक्यापुढे आडवा उभा. "राहू दे जागा. मी वर चांगला पत्रा बसवतो, एक थेंब येणार नाही ओतीकडे. एवा येईल. दहा वर्षांनी येईल, म्हातारा होऊन येईल. तू ठेव म्हणालीस ना, मग ठेवू."

"बाजूला हो."

"आई..."

"अरे माल सुकतोय! स्लॅबच्या दिवशी भांडायचं नाही, माहीत नाही का?"

तो बाजूला झाला. फळ्या त्याने उपटल्या, पण पहिला डबा त्याच्याच्याने ओतवेना. ओतिलियाने आपला डबा खांद्यावरून उतरवून आईपुढे धरला. दोघींनी मिळून तो तिरपा केला. करडा माल सळयांवर पसरला, खडी आधी घरंगळली, मागून वाळूचा लगदा. देल्फिनाच्या इस्त्रीच्या एप्रनवर शिंतोडे उडाले. तिने दुसरा डबा मागवला. तिसऱ्याला आन्सेल्मो सळई घेऊन आला आणि टोचायला लागला, नाक ओढत, आणि कोपऱ्यातला नवा माल बाजूच्या मालात नीट घुसळला, जोड राहू नये म्हणून.

शेवटी पट्टी ओढून झाल्यावर त्याने चार कोपऱ्यांतून वर आलेल्या सळयांकडे बोट केलं. वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या, हात हातभर. "या वाकवू?"

म्हातारीने एक सळई हलवून पाहिली. "असू देत. कपडे वाळत घालायची दोरी बांधू. टोकांना बाटल्या उलट्या घाल, कुणाचा डोळा जाईल."

मग सगळे जेवायला बसले. चायोने पहिलं ताट सासूला दिलं आणि शेजारी बसली. हे तिने चौदा वर्षांत केलं नव्हतं, ती नेहमी शेवटी जेवायची. "मी तारा देत होते त्याला काल," ती हळूच म्हणाली.

"वाटलंच. तो एकटा एवढं नीट बांधत नाही." देल्फिनाने पोळीचा तुकडा मोल्यात बुडवला, चाखला. "तळाला लागलं नाही. शाबास."

स्लॅब भरणं एका दिवसाचं, खरं काम पुढे असतं. सात दिवस त्याला ओला ठेवायचा, नाहीतर वरून कडक दिसतो आणि आतून भुसा होतो. या पाणी मारण्याला आमच्या गवंड्यांच्या बोलीत 'बरं करणं' म्हणतात. आजारी माणसाला जो शब्द, तोच. स्लॅब बरा केला का? अजून दोन दिवस बरा करायचाय. असं बोलतात.

आमच्या उतारावर टँकर आठ दिवसांनी येतो, त्यामुळे बरं करणं सोपं नाही. देल्फिनाने भांड्यांचं पाणी वेगळं केलं. कपड्यांचं साबणाचं नको, विसळायचं चालेल. शेजारणींनी एकेक बादली आणून दिली. तिने स्लॅबवर वाळूच्या चिमुकल्या बांधांनी चौकोन पाडले आणि रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, त्यांत पाणी भरलं. कोपऱ्याचा चौकोन शेवटी भरलेला म्हणून जरा गडद दिसायचा. तिथे ती एक बादली जास्त घालायची. ओतिलिया म्हणाली, आई, तिथे पुरे झालं. ती म्हणाली, मला कळतं. पहिले तीन दिवस ती वरच बसून रडली, हे खालच्यांना माहीत होतं. कुणी वर गेलं नाही. चौथ्या दिवशी चायो कॉफी घेऊन गेली आणि दोघी उशिरा खाली आल्या.

सातव्या दिवशी, रविवारी, फोन वाजला. या वेळी चित्र नव्हतं, नुसता आवाज.

"आई, मला तुला एक सांगायचंय."

"सांग. पण आधी मी सांगते. तुझ्या जिन्याची जागा बुजवली."

ओतिलिया आणि आन्सेल्मो शिडीच्या तोंडाशी उभे होते. म्हातारीनेच हाताने बोलावलं होतं त्यांना, ऐका म्हणून.

"दादाने बुजवली?"

"मी बुजवली. माझ्या हाताने."

"रागावलीस?"

"रागावले होते. सतरा वर्षं मी रोज वर बघून बोलत होते तुझ्याशी. मान दुखायला लागली, बाबा." ती थांबली. तिचा आवाज ओला झाला होता, पण तिने तो तसाच वापरला. "ऐक. भोक बुजवलंय, दार नाही बुजवलं. दार खाली आहे, तुझ्या बापाने लावलेलं, तिथेच. तुला जमेल तेव्हा त्यातून ये, पाहुण्यासारखा ये, दोन दिवस राहून जा. तुला येता येत नसेल तर पोरांना पाठव. त्यांना तर कागद आहेत ना?"

एवारिस्तो रडत होता. छत्तीस वर्षांचा माणूस, तीन खोल्यांचा मालक. "आहेत, आई."

"मग रडतोस काय? त्या निळ्या चौकटीपाशी जा."

"कुठल्या?"

"तुझ्या घरात किती निळ्या चौकटी आहेत? जिच्यावर पोरांची उंची लिहिलीस ती. जा आणि वरच्या रेघा वाच मला. हळूहळू वाच."

थोडा वेळ पावलं ऐकू आली. मग त्याने दोन आकडे वाचले. देल्फिनाने ते मोठ्याने म्हटले, दोनदा. आन्सेल्मोने काही न विचारता खिशातून टेप काढला आणि शिडी उतरून स्वयंपाकघराच्या दारापाशी गेला. तिथे तिघांच्या जुन्या रेघा होत्या, एवारिस्तोची सगळ्यांत वरची, एकोणीस वर्षं, एक मीटर बहात्तर. त्याने जमिनीपासून माप घेतलं आणि कानामागची पेन्सिल काढून नीट आडव्या दोन रेघा मारल्या. मग वर तोंड करून ओरडला, "आई, नावं कशी लिहायची ते विचार त्याला!"